अर्धवट ढाचा आणि बांधणीचा क्रम

वास्तुकलेच्या वरच्या वर्गाला मी रोबोटिक बांधणी शिकवते. एका सत्रात एका गटाने लाकडी पट्ट्यांची जाळीदार कमान आखली होती. प्रत्येक पट्टीची लांबी वेगळी, टोकाचा तिरपा काप वेगळा. असं काम हातानं मोजून उभारणं फार जिकिरीचं. सहा अक्षांवर वळणाऱ्या रोबोटला मात्र सगळ्या पट्ट्या सारख्या असल्या काय आणि वेगळ्या असल्या काय, कष्ट तेवढेच. ग्रासहॉपर या आराखड्याच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक पट्टीचा मार्ग ठरला होता, सिम्युलेशनमध्ये कुठेही टक्कर नव्हती. रोबोटने पट्टी जागेवर धरायची, मुलांनी स्क्रू मारायचा, मग ग्रिपर, म्हणजे रोबोटचा पकडणारा पंजा, सोडायचा.

कुंपणाच्या आत माणूस असला की रोबोट मॅन्युअल मोडमध्ये, सेकंदाला २५० मिलिमीटरच्या आतच चालवायचा असतो. टीच पेंडंट म्हणजे रोबोट चालवायचा हातातला नियंत्रक; त्याच्या मागचं बटण अर्धवट दाबून ठेवावं लागतं. सोडलं तरी रोबोट थांबतो आणि घाबरून घट्ट आवळलं तरी थांबतो. माणूस दचकला की यांपैकी काहीतरी एक करतोच, हे ओळखून केलेली ही रचना मला फार आवडते.

कमानीच्या खांद्यापर्यंत काम सुरळीत झालं. पुढची पट्टी घेऊन रोबोट आला आणि तिचं टोक आधीच्या पट्टीवर घासलं. पेंडंट धरलेल्या मुलानं लगेच बटण सोडलं.

सगळ्यांना वाटलं, रोबोटचं कॅलिब्रेशन, म्हणजे जागेचं मोजमाप, हललं. संदर्भबिंदूवर रोबोटचं टोक टेकवून पाहिलं, तर ते अचूक. हलला होता ढाचा! मोकळं टोक जवळजवळ बोटभर खाली आलं होतं. एका स्क्रूचा सांधा बिजागरीसारखा फिरतो. त्रिकोण पूर्ण झाला की आकार पक्का होतो, पण तिथे अजून नुसती चौकट होती, आणि ती स्वतःच्या वजनानं कलली होती. रोबोट मात्र आराखड्यातल्या जागी इमानदारीने गेला. आराखड्यात कमान पूर्ण होती. पूर्ण कमान उभी राहते एवढंच आम्ही तपासलं होतं. अर्ध्या कमानीचं गणित कुणी मांडलंच नव्हतं, आणि बांधकामाचा बहुतेक काळ वास्तू अर्धवटच असते.

एकानं खालून टेकू द्यायचं सुचवलं. तेही चाललं असतं. पण एक मुलगी म्हणाली, "मॅडम, क्रमच बदलला तर? तिरपी पट्टी आधी?"

तिरपी आधी लावली तर ढाचा स्थिर, पण मग ग्रिपरला आत शिरायला वाव नाही. स्थिरता एक क्रम मागत होती, रोबोटचं मनगट दुसरा. दोन रोबोट असते तर एकानं धरून ठेवलं असतं. स्वित्झर्लंडमधल्या, २०१९ मध्ये खुल्या झालेल्या डीएफएबी हाऊस या प्रायोगिक घराच्या वरच्या मजल्यांचे लाकडी ढाचे दोन रोबोटांनी असेच मिळून जुळवले होते. आमच्याकडे एकच हात होता.

मग मुलांनी आकारालाच हात घातला. खांद्याजवळचा सांधा वीतभर सरकवला, म्हणजे तिरपी पट्टी बाहेरच्या बाजूनं सरकत बसेल. त्यामुळे कमान तिथे थोडी जाड झाली. मला ती आधीपेक्षा देखणी वाटली, कारण तिथल्या जाडीला आता कारण होतं. रोबोटकडे मी नुसतं कापणारं-उचलणारं यंत्र म्हणून का पाहत नाही, ते मला त्या दुपारी मुलांना वेगळं समजावावं लागलं नाही.

रात्री उशिरापर्यंत ती मुलगी करांबा या ढाच्याची मजबुती तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये एकेक टप्पा तपासत बसली होती. पुढच्या पट्ट्या काढून टाकायच्या, उरलेला ढाचा किती वाकतो ते पाहायचं, जास्त वाकला तर क्रम बदलायचा. नव्या क्रमानं कमान टेकूशिवाय उभी राहिली. आता मी अंतिम आराखड्याइतकेच गुण अर्धवट अवस्थांच्या आराखड्यांना देते.