हीथ्रोला उतरून एडिनबरा, यॉर्क, मँचेस्टर: विमान आणि रेल्वेची सांगड

यंदा जूनमध्ये आई-बाबांना घेऊन आम्ही दोघं ब्रिटनला जाऊन आलो. मुंबईहून लंडनचा हीथ्रो विमानतळ, तिथून रेल्वेने एडिनबरा, मग यॉर्क, आणि परतीचं विमान थेट मँचेस्टरहून. लंडन सोडून उत्तरेकडे जाणार असाल तर विमानाचं तिकीट असंच काढा, हा माझा आग्रहाचा सल्ला. जाणं-येणं दोन्ही हीथ्रोचं घेतलं की शेवटचा दिवस लंडनला परतण्यातच जातो आणि त्या लांबच्या रेल्वेचं भाडंही अंगावर पडतं. विमान कंपन्यांच्या साइटवर ‘मल्टी सिटी’ पर्याय असतो, तिथे दोन्ही शहरं वेगवेगळी टाकून दर बघा. आम्हाला फरक अगदी किरकोळ पडला.

खरी काळजी घ्यायची ती विमान आणि रेल्वे यांच्या मधल्या वेळेची. तिकडच्या रेल्वेत पहिली गाडी उशिरा पोचल्यामुळे तुमची पुढची जोडगाडी चुकली, तर त्याच प्रवासाच्या तिकिटावर नंतरच्या गाडीने जाता येतं. विमानाला ही सवलत नाही. विमान तीन तास उशिरा उतरलं आणि तुमच्याकडे ठराविक गाडीचं स्वस्त ‘ॲडव्हान्स’ तिकीट असेल, तर ते गेलं. एडिनबराचं तिकीट ऐन वेळी काढायचं म्हणजे चार माणसांचा केवढा तरी खर्च.

म्हणून आम्ही पहिली रात्र लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनजवळच्या हॉटेलात काढली आणि सकाळच्या गाडीची ॲडव्हान्स तिकिटं आधीच घेऊन ठेवली. बरोबर वयस्कर माणसं असतील तर हेच करा. त्याच दिवशी पुढे जायचंच असेल तर विमान उतरल्यापासून गाडी सुटेपर्यंत निदान चार तास ठेवा. भारतीय पासपोर्टवर पर्यटक व्हिसा असेल तर स्वयंचलित ई-गेट वापरता येत नाही, अधिकाऱ्याच्या रांगेत उभं राहावं लागतं. ती रांग, मग सामानाचा पट्टा, यात दीड-दोन तास सहज जातात. तिथून किंग्ज क्रॉस साधारण तासाभरावर. आणि अशा वेळी तिकीट थोडं लवचिक घ्या. लंडन ते न्यूकॅसल, बेरिक आणि एडिनबरा या मार्गावर एलएनईआर कंपनीने २०२४ मध्ये ‘७० मिनिट फ्लेक्स’ नावाचं तिकीट आणलं. तुम्ही निवडलेल्या गाडीच्या आधीच्या किंवा नंतरच्या ७० मिनिटांतल्या त्यांच्याच दुसऱ्या गाडीने त्यावर जाता येतं. पूर्ण मोकळीक हवी असेल तर ‘एनीटाइम’, पण ते फार महाग.

ॲडव्हान्स तिकिटं साधारण १२ आठवडे आधीपासून मिळू लागतात. आपल्याकडच्या ६० दिवसांच्या सवयीने थांबलात तर सगळ्यात स्वस्त तिकिटं संपलेली असतात. तिकीट रेल्वे कंपनीच्याच साइटवरून काढा. कुठल्याही एका कंपनीच्या साइटवर बाकी सगळ्या कंपन्यांचीही तिकिटं मिळतात आणि वरचं बुकिंग शुल्क वाचतं. ॲडव्हान्सवर मध्येच उतरता येत नाही, त्यामुळे वाटेत यॉर्क बघायचं तर दोन तुकड्यांची वेगळी तिकिटं हवीत.

रेलकार्डाचा, म्हणजे भाड्यात सवलत देणाऱ्या कार्डाचा, विचार जरूर करा. ६० वर्षांवरच्यांना सीनियर रेलकार्ड मिळतं, दोघं कायम एकत्र फिरणार असतील तर टू टुगेदर. दोन्हींवर भाडं एक तृतीयांशाने कमी होतं. तिथले रहिवासी असण्याची अट नाही. लंडन-एडिनबरासारख्या एकाच लांबच्या प्रवासात कार्डाचे बरेचसे पैसे निघतात. फक्त टू टुगेदर कार्ड सोमवार ते शुक्रवार सकाळी साडेनऊच्या आधी चालत नाही, आणि कार्ड गाडीत जवळ असायलाच हवं.

हीथ्रोहून शहरात जायचे मार्ग तीन. हीथ्रो एक्सप्रेस पंधरा मिनिटांत पॅडिंग्टनला नेते, पण तुमची पुढची गाडी किंग्ज क्रॉस, सेंट पँक्रस किंवा युस्टनहून असेल तर तो वेग फुकट जातो. पॅडिंग्टनहून सामान घेऊन पुन्हा शहर ओलांडायचंच असतं. २०२२ मध्ये सुरू झालेली एलिझाबेथ लाइन ऐसपैस आहे, गर्दीतही सामान घेऊन उभं राहता येतं, पण किंग्ज क्रॉससाठी फॅरिंग्डनला गाडी बदलावी लागते. आम्ही भुयारी रेल्वेची (ट्यूबची) पिकॅडिली लाइन घेतली. भाडं एलिझाबेथच्या निम्म्याहून कमी, सुरुवातीलाच बसल्यामुळे जागा मिळते आणि किंग्ज क्रॉसपर्यंत एकदाही बदलायचं नाही. दोन्ही टोकांना लिफ्ट आहे. तिकीट वेगळं काढू नका, बँकेचं कॉन्टॅक्टलेस कार्ड दाखवलं की पुरे. मात्र प्रत्येकाचं कार्ड वेगळं हवं, एकावर दोघं आत जाऊ शकत नाहीत.

लंडनमध्ये कुठल्या शहराची गाडी कुठल्या स्टेशनवरून, हे हॉटेल ठरवण्याआधी पाहा. यॉर्क, न्यूकॅसल, एडिनबरा किंग्ज क्रॉसहून. मँचेस्टर, लिव्हरपूल, ग्लासगो युस्टनहून. लेस्टर, शेफील्ड सेंट पँक्रसहून. बाथ, ब्रिस्टल, कार्डिफ पॅडिंग्टनहून. यातल्या पश्चिमेकडच्या शहरांना जायचं तर लंडनमध्ये शिरूच नका, हीथ्रोहून रेडिंग स्टेशनला थेट बस आहे, तिथे गाडी पकडा.

बाबांचे गुडघे दुखतात, म्हणून ‘पॅसेंजर असिस्ट’, म्हणजे स्टेशनवर गाडीपर्यंत नेणारा मदतनीस, नोंदवलं होतं. ही सेवा फुकट आहे, गाडीच्या दोन तास आधीपर्यंत नोंदवता येते, आणि माझ्या मते आई-बाबांना घेऊन जाणाऱ्यांनी ती डोळे झाकून घ्यावी. किंग्ज क्रॉसला फलाटाचा नंबर गाडी सुटायच्या थोडाच वेळ आधी फलकावर येतो. तो आला की सगळी गर्दी एकदम त्या फाटकाकडे धावते, आणि दारं सुटायच्या वेळेच्या दोन मिनिटं आधी बंद होऊ शकतात. आमचा मदतनीस आम्हाला गर्दीच्या आधीच डब्याशी घेऊन गेला. त्यामुळे डब्याच्या टोकाचे मोठ्या बॅगांचे कप्पे रिकामे मिळाले. ते लवकर भरतात, आणि डोक्यावरच्या फळीवर आपली २३ किलोची बॅग बसत नाही.

खिडकी मिळाली तर उत्तरेकडे जाताना उजवीकडची घ्या. डरहॅमचं कॅथेड्रल त्याच बाजूला, न्यूकॅसलनंतर समुद्रही तिकडेच, आणि बेरिकला १८५० चा २८ कमानींचा रॉयल बॉर्डर ब्रिज लागतो. आईने डबा तिथेच उघडला. गाडीत घरचं खायला कोणी आडकाठी करत नाही. भारतातून दुधाचे पदार्थ मात्र नेता येत नाहीत, तेव्हा पेढे-बर्फी घरीच ठेवा. मेथीच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी आमच्या पथ्यावर पडली.

एडिनबराला विमानानेच जाणार असाल तर तिथल्या विमानतळावर रेल्वे नाही, ट्राम आहे. अर्ध्या तासाच्या आसपास शहरात आणते.

यॉर्कला स्टेशनला लागूनच राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे, प्रवेश मोफत. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वाफेच्या इंजिनांचा विक्रम करणारं मॅलार्ड तिथे आहे. मध्य रेल्वेत आयुष्य काढलेल्या बाबांना मी तिथून जवळजवळ ओढून आणलं.

वाटेत आमची एक गाडी तासाभराहून उशिरा पोचली. अशा वेळी तिकीट जपून ठेवा आणि २८ दिवसांच्या आत कंपनीच्या साइटवर ‘डिले रीपे’चा अर्ज करा. ॲडव्हान्स तिकिटावरही भरपाई मिळते, आम्हाला त्या टप्प्याचे सगळे पैसे परत आले.

शेवटच्या दिवशी यॉर्कहून मँचेस्टर विमानतळाची थेट गाडी घेतली. स्टेशन विमानतळातच आहे, पण टर्मिनल २ पर्यंत लांब पादचारी पूल चालावा लागतो, दहा-पंधरा मिनिटं धरा. परतीच्या विमानासाठी गाडी निवडताना हिशोब असा करा, की आपली गाडी रद्द झाली तरी तिच्या पुढची गाडी वेळेत पोचवेल. या मार्गावर मोठं काम चालू आहे आणि शनिवार-रविवारी गाड्यांऐवजी बस लावतात. म्हणून परतीचं विमान आठवड्याच्या मधल्या वारी घ्या. रविवार टळत नसेल तर आदल्या रात्री विमानतळाजवळ राहा आणि नॅशनल रेलच्या साइटवर त्या तारखेचं वेळापत्रक पुन्हा तपासा. २५ डिसेंबरला ब्रिटनमध्ये मुख्य मार्गांवर रेल्वे धावत नाही, लंडनची ट्यूबही बंद असते. त्या दिवशी उतरत असाल तर हीथ्रोजवळच खोली घ्या.