पेटीतलं कार्ड

आमच्याकडे यवतमाळला पीक उभं असलं की जागल असायची. रानडुकरं नि रोही शेतात घुसू नयेत म्हणून काका मचाणावर बसून रात्रभर डबा बडवायचे. जनावर मारायचा विचारही नसे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा माझ्या जन्माच्या आधीचा. त्यामुळे अमेरिकेत, मिशिगनला आल्यावर १५ नोव्हेंबरला ऑफिस अर्धं रिकामं का होतं, ते मी कित्येक वर्षं लांबूनच बघितलं. त्या दिवशी बंदुकीने हरीण मारायचा सीझन उघडतो, ३० तारखेला संपतो. वार कुठलाही असो, तारीख ठरलेली.

मग टीममधल्या एकाने हरणाच्या मटणाची पिशवी दिली. बायकोने सावजी रस्सा केला. दुसऱ्या दिवशी मी लायसन्सची माहिती काढायला बसलो.

१९६० पासून पुढे जन्मलेल्यांना आधी सेफ्टी कोर्स करावा लागतो. बराचसा ऑनलाइन, आणि एक दिवस मैदानावर. वर्गात बहुतेक बारा-तेरा वर्षांची पोरं आणि मध्ये टक्कल पडलेला मी. तारेचं कुंपण कसं ओलांडायचं, हे तिथे करून दाखवायला लावलं: बंदूक रिकामी करायची, तारेखालून पलीकडे ठेवायची, मगच आपण जायचं. पोरं झटक्यात गेली, माझी पँट अडकली. लायसन्स त्या मानाने किरकोळ, ११ डॉलरचं मूळ (बेस) लायसन्स आणि वर हरणाचे २०.

खरी अडचण जमिनीची. दक्षिण मिशिगनात जवळजवळ सगळी जमीन खासगी. शेताला कुंपण नसो, पाटी नसो, मालकाच्या परवानगीशिवाय शिकारीसाठी आत पाय ठेवणं गुन्हा आहे. इथली माणसं सासऱ्याच्या नाहीतर मित्राच्या शेतावर जातात, किंवा चार जण मिळून जमीन भाड्याने घेतात. माझा इथे ना मामा, ना मामाचं शेत. दोन-तीन ठिकाणी दार वाजवून विचारलं. लोक गोड बोलले, पण नाहीच म्हणाले. त्यांचं तरी काय चुकलं? अनोळखी माणूस, हातात बंदूक, आणि गोठा हाकेच्या अंतरावर.

मग राज्य सरकारची योजना सापडली, हंटिंग अ‍ॅक्सेस प्रोग्रॅम. १९७७ पासून चालू आहे. शेतकरी आपली जमीन शिकाऱ्यांना खुली करतो आणि सरकार त्याला एकरामागे पैसे देतं. मात्र एका वेळी किती जण आत जाणार, ते ठरलेलं. काही ठिकाणी मालकाच्या घरी नाव नोंदवायचं, काही ठिकाणी शेताच्या तोंडाशी पेटी असते, तिच्यातलं कार्ड घेऊन आपणच नोंद करायची. जो आधी येईल त्याचा नंबर.

मी हिल्सडेल काउंटीतलं एक शेत निवडलं. १५ तारखेला पहाटे तीनला घरून, नोव्हायहून निघालो, पाचच्या आत पोचलो. पेटीसमोर दोन पिकअप उभे होते. झाकण उघडलं तर एकही कार्ड शिल्लक नाही. एका पिकअपमधला माणूस काच खाली करून म्हणाला, "आम्ही रात्री गाडीतच झोपलो." थर्मासमधला चहा मी गाडीत बसून प्यायलो आणि घरी आलो.

मंगळवारी रजा टाकली. या वेळी कार्डं होती. बोटं इतकी गारठली होती की नाव लिहिताना पेन दोनदा पडलं. पेटीतल्या नकाशावर हद्द नीट बघून घेतली, कारण पलीकडे दुसऱ्याचं शेत, आणि कुठल्याही घराच्या ४५० फुटांच्या आत मालकाला विचारल्याशिवाय शिकार करता येत नाही. भगवं जॅकेट, भगवी टोपी. हा भगवा डोळ्यांत घुसणारा, सिग्नलच्या दिव्यासारखा. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बंदूक चालवता येते. तोवर मक्याच्या कापलेल्या ताटांकडे बघत झाडाला टेकून बसलो. काकांची आठवण आली. तीच थंडी, तेच कान टवकारून बसणं.

आठच्या सुमारास चार माद्या कडेच्या झाडीतून आल्या. पहिली थांबली, शेपटीचा पांढरा भाग उभा केला. तिच्या मागची आडवी उभी होती. गोळी झाडल्यावर कितीतरी वेळ माझे हात थरथरत होते. जवळ जाऊन बघितलं, तर तिच्या ओठावर सोयाबीनचं टरफल चिकटलेलं. लायसन्सचा टॅग बांधला. आतडी काढायचं काम यूट्यूबवर वीस मिनिटांत होतं, मला तास लागला. ७२ तासांच्या आत ऑनलाइन नोंद करावी लागते. ती मी तिथेच फोनवर उरकली, हातमोजे दातांनी काढून.

बांधावरून ओढत आणताना मालक ट्रॅक्टरवरून आला. बाईमाणूस, सत्तरीची असेल. "शिंगवाला की मादी?" तिने विचारलं. मादी म्हटल्यावर खाली उतरून तिने मागचे पाय धरले. शिंगांसाठी सगळे येतात, म्हणाली, आणि माझं सोयाबीन खातात त्या माद्या तशाच राहतात.

"अजून किती दिसल्या?"

"तीन."

"मग गुरुवारी ये. गुरुवारी कुणी नसतं."

पेटीपाशी थांबून मी कार्ड भरलं. मादी, १. आत टाकलं आणि झाकण लावलं.