बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये मेयर कसं होतात आणि कसं टिकतात

जर्मनीत राज्यागणिक नगरपालिका कायदा बदलतो आणि मेयरची कारकीर्दही बदलते. नॉर्थ राइन-वेस्टफालियात मुदत 5 वर्षं, बव्हेरियात 6, बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये 8. मला सर्वांत अभ्यासण्याजोगी वाटते ती बाडेन-व्युर्टेम्बर्गची पद्धत, कारण तिथे छोट्या गावाचं मेयरपद हा रीतसर शिकून करायचा पेशा आहे. लोकांनी थेट निवडलेला माणूसच गावच्या परिषदेचा अध्यक्ष असतो, कचेरीचा प्रमुख असतो आणि परिषदेत त्याला स्वतःचं मतही असतं. मुदतीच्या मधेच त्याला मतदानाने खाली खेचायची सोय या राज्याच्या कायद्यात नाही.

2,000 च्या आत लोकसंख्या असेल तर पद मानद असतं. मात्र गाव 500 च्या वर असेल तर परिषद आपल्या मुख्य नियमावलीत ते पूर्णवेळ करू शकते. 2,000 पासून पुढे मेयर पूर्णवेळ आणि मुदतीपुरता सरकारी अधिकारी. पगाराची श्रेणी लोकसंख्येवर ठरते.

तयारी बहुतेकदा केल किंवा लुडविग्सबुर्ग इथल्या प्रशासन महाविद्यालयात होते. पदवीनंतर एखाद्या कचेरीत लेखा किंवा बांधकाम विभागात काही वर्षं काढायची आणि मग दुसऱ्याच गावात उभं राहायचं, ही मळलेली वाट. उमेदवार त्या गावचा रहिवासी असायची अट नाही, आणि पक्षाचं नाव छोट्या गावात फारसं कामाला येत नाही. ओस्टेल्सहाइमचं उदाहरण घ्या. सुमारे 2,500 वस्तीच्या या गावात 2 एप्रिल 2023 रोजी रियान अलशेब्ल पहिल्याच फेरीत 55.41 टक्के मतांनी निवडून आले. 2015 मध्ये सीरियातून निर्वासित म्हणून आलेला माणूस म्हणून बातम्या झाल्या. पण शेजारच्या आल्टहेंगश्टेटच्या कचेरीत त्यांनी कित्येक वर्षं काम केलं होतं, आणि ग्रीन पक्षाचे सदस्य असूनही ते अपक्ष म्हणून लढले. नीट पाहिलं तर तीच मळलेली वाट.

पदाची जाहिरात निवडणुकीच्या किमान दोन महिने आधी निघते. अर्ज जाहिरातीच्या दुसऱ्या दिवसापासून घेतले जातात. मतपत्रिकेवरची नावं अर्ज आलेल्या क्रमाने लागतात, म्हणून मध्यरात्रीच कचेरीच्या टपालपेटीत पाकीट टाकणारे उमेदवार असतात. पण अर्जांची मुदत संपेपर्यंत निवडणुकीस पात्र असल्याचा दाखला दिला नाही, तर पहिला नंबर काय कामाचा? पुढे गावच्या सभागृहात उमेदवारांची जाहीर ओळख होते. एक जण बोलत असताना बाकीचे बरेचदा बाहेर थांबतात, म्हणजे नंतरच्याला आयती उत्तरं मिळत नाहीत. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक मतं कुणालाच मिळाली नाहीत, तर 2023 च्या सुधारणेपासून पहिल्या दोघांत दुसरी फेरी होते. त्याच सुधारणेत उमेदवाराचं किमान वय 25 वरून 18 वर आलं आणि वरची वयोमर्यादा गेली.

निवडून आल्यावर नवखे पहिल्यांदा अडखळतात ते पैशाच्या वेळापत्रकात. गावाला मिळणाऱ्या व्यवसाय कराचा हिशेब असा: एखाद्या कंपनीचा करपात्र नफा 10,00,000 युरो असेल, तर त्याचे 3.5 टक्के म्हणजे 35,000 हा आधारआकडा. त्यावर गावाने ठरवलेला दर लागतो. तो 380 टक्के असेल तर कर झाला 1,33,000 युरो. यातून आधारआकड्याचे 35 टक्के, म्हणजे 12,250 युरो, राज्य आणि केंद्राकडे जातात. खरा फटका पुढे आहे. राज्याचं अनुदान आणि जिल्ह्याला द्यायची वर्गणी गावाच्या दोन वर्षांपूर्वीच्या करक्षमतेवर मोजतात. 2023 मध्ये घबाड मिळालं की 2025 मध्ये अनुदान घटतं आणि वर्गणी चढते, आणि नेमका तेव्हाच त्या कंपनीचा नफा पडलेला असला तर आगाऊ घेतलेला करही परत करावा लागतो. चांगल्या वर्षातली रक्कम जलतरण तलावाच्या नूतनीकरणात घालून मोकळा झालेला मेयर तिसऱ्या वर्षी बालवाडीची फी वाढवायला निघतो. शहाणा लेखापाल घबाडाच्याच वर्षी पुढच्या घटीपुरती रक्कम बाजूला काढतो, आणि परिषदेने कितीही आग्रह धरला तरी मेयरने तिला हात लावू देऊ नये.

दुसरी खाच परिषदेच्या टेबलावर. नव्या घरांसाठी जमीन खुली करायचा आराखडा आला आणि एखाद्या सदस्याचं किंवा त्याच्या तिसऱ्या अंशापर्यंतच्या (म्हणजे काका-पुतण्यापर्यंतच्या) नातलगाचं शेत त्यात असलं, की त्याने चर्चेआधीच उठायचं. खुल्या बैठकीत तो प्रेक्षकांच्या खुर्च्यांत बसू शकतो, बंद बैठकीत दालनाबाहेर. खुर्ची नुसती मागे सरकवली तर चालत नाही. तो बसून राहिला तर ठराव बेकायदा, आणि कारण नसताना कुणाला बाहेर काढलं तरीही बेकायदा. छोट्या गावात निम्मी परिषद एकमेकांच्या नात्यात असते. म्हणून चांगला मेयर बैठकीच्या आधीच जमिनीचा नकाशा आणि मालकांची यादी सदस्यांच्या नावांशी ताडून बघतो.

ठराव बेकायदा आहे असं मेयरला वाटलं तर हरकत घेणं त्याचं कर्तव्यच आहे. गावाच्या तोट्याचा वाटला तर घेणं न घेणं त्याच्या मर्जीवर. हरकत आठवड्याच्या आत सदस्यांना कळवावी लागते. ठराव तिथेच थांबतो आणि पहिल्या बैठकीपासून तीन आठवड्यांत परिषद पुन्हा बसते. तिने तोच बेकायदा ठराव पुन्हा केला तर मेयर पुन्हा हरकत घेतो आणि वरच्या देखरेख कार्यालयाचा निर्णय मागतो. हे हत्यार कमी वापरावं. ज्या सदस्यांचा ठराव अडवला, त्यांच्याबरोबरच पुढच्या महिन्यात अंदाजपत्रक मंजूर करून घ्यायचं असतं.

आठ वर्षांनी पुन्हा मतदान. बऱ्याच गावांत विद्यमान मेयरसमोर कुणीच उभं राहत नाही, आणि टक्केवारी नव्वदच्या घरात गेली की पेपरात अभिनंदन छापून येतं. मी आधी दोन आकडे बघतो. एक, किती लोक मतदानाला आले. दुसरा, मतपत्रिकेवरच्या रिकाम्या ओळीत किती जणांनी दुसरं नाव लिहिलं. पहिल्या फेरीत कुणाही पात्र व्यक्तीचं नाव तिथे लिहिता येतं. शेजाऱ्याचं, शाळेच्या मुख्याध्यापकांचं, अग्निशमन पथकाच्या प्रमुखाचं. ही नावं वाढत असतील तर पुढच्या खेपेला समोर उमेदवार असणार, आणि त्याची तयारी कदाचित शेजारच्या गावच्या लेखा विभागात आताच चालू झालेली असते.