स्वतःचा राऊटर : दर तासाला तुटणाऱ्या जोडणीचा छडा

इंटरनेट कंपनीने दिलेल्या राऊटरऐवजी मी स्वतःचा राऊटर बसवला आहे. मागील नोंदीत ‘राऊटर अखेर चालू झाला’ असे मी मोठ्या दिमाखात लिहिले, तेव्हा तो चालू होऊन जेमतेम चाळीस मिनिटे झाली होती. तासाभराने जोडणी तुटली, अर्ध्या मिनिटात परत आली आणि पुढचे नऊ दिवस दर तासाला हेच घडत राहिले. काल त्याचे कारण सापडले.

व्हीलॅन आयडी (जोडणीच्या आभासी जाळ्याचा क्रमांक), क्लोन केलेला (कंपनीच्या राऊटरवरून उतरवलेला) मॅक पत्ता आणि डीएचसीपीचा, म्हणजे आयपी पत्ता मागण्या-देण्याच्या पद्धतीचा, ऑप्शन ६० (उपकरणाचा प्रकार सांगणारा मजकूर) या तिन्ही गोष्टी पूर्वीप्रमाणेच होत्या, आणि आयपी पत्ताही पहिल्याच विनंतीला मिळत होता. कंपनीचा राऊटर परत जोडला की जोडणी दिवसभर अखंड चालत असे. त्यामुळे कंपनी परका राऊटर ओळखून मुद्दाम तोडते आहे, असा माझा ठाम समज झाला. मदत केंद्राकडून ‘आमचाच राऊटर वापरा’ यापलीकडे काही निघाले नाही.

शेवटी ओएनटी (फायबरची तार येते ती पेटी) आणि कंपनीचा राऊटर यांच्यामध्ये पोर्ट मिररिंग (जाणाऱ्या-येणाऱ्या पॅकेटांची प्रत दुसऱ्या पोर्टवर देण्याची सोय) असलेला साधा मॅनेज्ड स्विच बसवला. (या छंदात महागड्या राऊटरआधी असा स्विच घ्यावा, हे माझे मत आता पक्के झाले आहे.) पॅकेटे वाचून दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये दिसले ते असे : लीज (पत्ता वापरण्याची मुदत) ३६०० सेकंदांचे आहे, बरोबर अर्ध्या वेळेला, म्हणजे १८०० सेकंदांनी, कंपनीचा राऊटर नूतनीकरणाची विनंती थेट डीएचसीपी सर्व्हरच्या पत्त्यावर पाठवतो आणि त्याला लगेच होकार मिळतो. माझ्या राऊटरवरील ओपनडब्ल्यूआरटी प्रणालीच्या लॉगमध्येही त्याच वेळी ‘विनंती पाठवली’ अशी नोंद होती, परंतु तारेवर मात्र तसे एकही पॅकेट नव्हते. राऊटरवरच टीसीपीडम्प (पॅकेटे टिपणारा प्रोग्रॅम) चालवून पाहिले, तरीही तेच. पत्र पोस्टात टाकल्याची नोंद आहे आणि पोस्टाच्या पेटीत पत्रच नाही, अशा वेळी चोर घरातच शोधावा लागतो.

तो मीच होतो. खासगी पत्ते बाहेर गळू नयेत म्हणून मी फार पूर्वी फायरवॉलच्या आउटपुट साखळीत (राऊटर स्वतः पाठवतो त्या पॅकेटांच्या नियमांत) एक नियम लिहिला होता : वॅनमधून, म्हणजे इंटरनेटच्या बाजूने, १०.०.०.०/८ या खासगी पट्ट्याकडे जाणारे काहीही टाकून द्यावे. कंपनीचा डीएचसीपी सर्व्हर नेमका त्याच पट्ट्यात आहे. पहिली विनंती रॉ सॉकेटमधून ब्रॉडकास्ट होते (सर्वांना उद्देशून जाते) आणि ती या साखळीला वळसा घालून जाते, म्हणून पत्ता विनासायास मिळे. नूतनीकरणाची विनंती मात्र नेहमीच्या यूडीपी सॉकेटमधून जाते, आणि ती माझाच नियम गिळत होता. लीज संपत आल्यावर होणाऱ्या ब्रॉडकास्टला समोरून उत्तर येत नसे. मग पत्ता काढून टाकला जाई आणि सगळे पहिल्यापासून सुरू होई. कंपनीला नऊ दिवस दिलेली दूषणे, निदान या बाबतीत, मागे घेतो.

पोर्ट ६८ वरून पोर्ट ६७ कडे जाणाऱ्या यूडीपीला त्या नियमाच्या वर परवानगी दिली आणि घड्याळ समोर ठेवून बसलो. तिसाव्या मिनिटाला होकाराचे पॅकेट आले, तेव्हा झालेला आनंद घरात कोणालाही समजावून सांगता आला नाही. हे लिहिताना मात्र वाटते की असा अपवाद काढण्यापेक्षा तो नियमच फॉरवर्ड साखळीत (राऊटर इतरांची पॅकेटे पुढे पाठवतो तेव्हाच्या नियमांत) हलवणे अधिक योग्य, कारण अडवायचे होते ते घरातील उपकरणांना, राऊटरला नव्हे. आता तसाच बदल केला असून जोडणी एकोणीस तास अखंड आहे.

घरच्या जाळ्यापर्यंत बाहेरून पोहोचता यावे म्हणून पुढचा बेत बाहेर एक सर्व्हर भाड्याने घेऊन वायरगार्डचा (व्हीपीएनचा) बोगदा काढण्याचा होता, कारण माझा वॅन पत्ता १००.६४.०.०/१० मधला, म्हणजे सीजीनॅटच्या (अनेक ग्राहकांत एकच सार्वजनिक पत्ता वाटण्याच्या पद्धतीच्या) मागचा आहे आणि पोर्ट फॉरवर्डिंगचा तेथे उपयोग नाही. परंतु या नोंदीसाठी वायरशार्कमधले ते कॅप्चर पुन्हा चाळताना कंपनीचा राऊटर डीएचसीपीव्ही६ ने /५६ प्रीफिक्स (आयपीव्ही६ पत्त्यांचा गट) मागून घेतो आणि तो त्याला मिळतोही, असे दिसले. तसा गट मिळाला तर घरातील उपकरणांना बाहेरून थेट पोहोचता येतील असे पत्ते देता येतात. म्हणून बोगदा तूर्त बाजूला. माझ्या राऊटरने तीच मागणी केली तेव्हा उत्तर आले नाही. दोन्ही विनंत्या शेजारी ठेवल्यावर ठळक फरक दिसतो तो डीयूआयडीचा, म्हणजे विनंतीतील उपकरणाच्या ओळख-क्रमांकाचा. आज रात्री सगळे झोपल्यावर कंपनीच्या राऊटरचा डीयूआयडी माझ्या राऊटरमध्ये घालून पाहणार आहे, आणि या वेळी निदान दोन लीज उलटेपर्यंत काहीही जाहीर करणार नाही.