सोनकी शोधायला सिंहगडावर

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सकाळी साडेसहाला आतकरवाडीहून चढायला लागलो. यंदा सोनकी, म्हणजे पावसाळ्याच्या शेवटी फुलणारं पिवळं रानफूल, नीट ओळखायचीच, असं ठरवूनच निघालो होतो. पायथ्यालाच एका बांधावर पिवळंधमक काही दिसलं आणि मी गुडघे टेकून फोटो काढत बसलो. सरबताच्या टपरीवरच्या मावशी हसल्या, "दादा, कारळं हाय ते. चटणीचं!"

पहिला धडा तिथेच मिळाला. कारळ्याची पानं बहुतेक जोडीनं, समोरासमोर येतात आणि बी काळंभोर असतं. सोनकीची पानं एकाआड एक, कडा करवतीसारख्या दातेरी. जुनं झालेलं फूल सापडलं तर आणखी सोपं, कारण सोनकीच्या बियांना वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीसारखे पांढरे केस असतात. कारळ्याला ते नसतात.

खरी सोनकी भेटली वर, कल्याण दरवाज्याच्या बाजूला. काळ्या कातळाच्या भेगेत मूठभर माती असेल नसेल, तिथे घोट्याएवढी झाडं. थोडं खाली, आडोशाला, तीच गुडघ्यापर्यंत वाढलेली. कातळावर पाणी टिकत नाही, त्यामुळे ओल आटायच्या आत फुलून बी धरायची हिची घाई. आपण जिला पाकळी म्हणतो ते प्रत्येक वेळी एक स्वतंत्र फूल असतं आणि मधला पिवळा गोंडाही बारीक फुलांचाच. भिंग न्या, मजा येते.

जवळच कवलाही होता. तोही पिवळा, पण फूल वाटाण्याच्या घाटाचं आणि वरच्या पाकळीवर दोन लालसर ठिपके. म्हणून त्याला मिकी माऊस म्हणतात. रस्त्याकडेचा केशरी-पिवळा कॉसमॉस मात्र मूळचा मेक्सिकोचा. त्याची पानं गाजराच्या पाल्यासारखी चिरलेली. तो पाहून 'सोनकी' म्हणून फोटो टाकणारे दरवर्षी भेटतात. मीही टाकलाय.

जाणार असाल तर शनिवार-रविवार टाळा. गर्दीत खाली वाकायलाही जागा नसते. ओला कातळ शेवाळानं निसरडा होतो, तेव्हा चांगल्या पकडीचे बूट हवेत. पायवाट सोडून फुलांत शिरू नका. ऑक्टोबरच्या मध्यानंतर फुलं कमी, म्हातारी जास्त. जुन्या पुस्तकांत सोनकीचं शास्त्रीय नाव सेनेसिओ ग्रॅहमी सापडेल, आता सेनेसिओ बॉम्बेएन्सिस म्हणतात. फोटो फक्त वरून काढू नका. एक पानाचा, एक फुलाच्या खालच्या हिरव्या वाटीचा आणि एक अख्ख्या झाडाचा घ्या. नुसत्या पिवळ्या चकतीवरून कोणीच नाव सांगू शकत नाही.