तुम्ही विचारलंत म्हणून : शक्ती कायदा लावत का नाहीत?

राज्यात एखादा भयंकर अत्याचार घडला की दोन दिवसांत हा प्रश्न येतोच. "शक्ती कायदा केला होता ना? मग तो लावत का नाहीत?" लावत नाहीत, कारण तो कायदा नाहीच. स्त्रिया आणि मुलांवरच्या अत्याचारांना कडक शिक्षा आणि झटपट खटला, असं महाराष्ट्राचं विधेयक होतं, विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांत मंजूरही झालं, पण त्याचा कायदा कधी झाला नाही.

डिसेंबर 2020 मध्ये ते मांडलं गेलं. संयुक्त समितीने वर्षभर त्यावर काम केलं आणि डिसेंबर 2021 मध्ये ते मंजूर झालं. मूळ मसुद्यात तपासाला 15 दिवस होते. समितीने ते 30 केले, शिवाय आणखी 30 दिवस वाढवून घेण्याची सोय ठेवली. आरोपपत्र दाखल झाल्यावर 30 कामकाजाच्या दिवसांत खटला संपवायचा होता. बलात्काराच्या अति क्रूर प्रकरणांत फाशी होती. खोटी तक्रार केल्यास 1 ते 3 वर्षं कैद होती, ही तरतूद मात्र भाषणांत फारशी कुणी सांगितली नाही.

मग अडलं कुठे? फौजदारी कायदा आणि त्याची कार्यपद्धती राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत येतात. म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांनाही त्यावर कायदा करता येतो. पण केंद्राच्या कायद्याशी विसंगत असं काही राज्याने केलं, तर अनुच्छेद 254(2) प्रमाणे राष्ट्रपतींची संमती लागते, नुसत्या राज्यपालांच्या सहीने भागत नाही. ही फाइल केंद्रीय गृह मंत्रालयाकडे जाते, तिथून संबंधित खात्यांकडे. त्यांचे आक्षेप राज्याकडे येतात, राज्याची उत्तरं परत दिल्लीला जातात. या सगळ्याला घटनेत मुदत घातलेली नाही. आंध्र प्रदेशाचं 2019 चं दिशा विधेयक (तपास 7 आणि खटला 14 कामकाजाच्या दिवसांत!) याच वाटेवर अडकलं, पश्चिम बंगालचं 2024 चं अपराजिता विधेयकही.

त्यात 1 जुलै 2024 ला भारतीय दंड संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहिता दोन्ही गेल्या. शक्ती विधेयक दुरुस्ती करणार होतं ती मुख्यतः यांच्यातच. वाड्याच्या डागडुजीचा नकाशा मंजूर व्हायच्या आत वाडाच पाडला गेला, तशातली गत.

आता मुदतींबद्दल. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत कलम 193 प्रमाणे बलात्काराचा तपास दोन महिन्यांत आणि कलम 346 प्रमाणे खटला आरोपपत्रापासून दोन महिन्यांत संपायला हवा. म्हणजे घड्याळ आधीपासून लावलेलं आहे. ते पाळलं गेलं नाही तर काय होतं? काहीच नाही. तेवढ्याने खटला पडत नाही आणि आरोपीही सुटत नाही. तपास अधिकाऱ्याला खरी धास्ती असते ती वेगळ्याच तारखेची : अशा गंभीर गुन्ह्यात अटकेनंतर 90 दिवसांत आरोपपत्र गेलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो.

म्हणून होतं असं. कपडे आणि रक्ताचे नमुने सीलबंद करून न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे जातात. लेबलवरचा क्रमांक आणि पंचनाम्यातला क्रमांक जुळला नाही, तर तिथेच पत्रव्यवहार सुरू होतो. सगळं जुळलं तरी डीएनए अहवालाची रांग असतेच. 90 वा दिवस जवळ आला की अहवालाविना आरोपपत्र दाखल होतं आणि "अहवाल मिळताच सादर करू" अशी ओळ त्यात येते. पुढे अहवाल येईपर्यंत पुरावा अर्धवट. साक्षीच्या तारखेला पंच येत नाही, तपासणी करणाऱ्या डॉक्टरांची बदली झालेली असते, सरकारी वकील शेजारच्या कोर्टात उभे असतात. "30 दिवस" असं लिहिल्याने यातला एकही माणूस वेळेवर हजर होत नाही.

आणि जो भाग कुणीच विचारत नाही, तो आरोपीच्या वकिलाचा. मध्य प्रदेशातल्या खंडव्याचा खटला बघा. नऊ वर्षांच्या मुलीवर अत्याचार आणि खून. फेब्रुवारी 2013 मध्ये ज्या दिवशी आरोपीला सरकारी खर्चाने वकील दिला, त्याच दिवशी दोषारोप निश्चित झाले आणि जेमतेम दोन आठवड्यांत फाशी सुनावली गेली. वेग हवा होता, मिळाला. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द करून खटला नव्याने चालवायला सांगितलं, कारण वकिलाला कागद वाचायलाही वेळ मिळाला नव्हता. जन्मठेप किंवा फाशी होऊ शकेल अशा खटल्यात दिलेल्या वकिलाची किमान 10 वर्षं वकिली झालेली असावी आणि तयारीला साधारण किमान 7 दिवस द्यावेत, असं तेव्हा न्यायालयाने घालून दिलं. 2024 मध्ये तो आरोपी निर्दोष सुटला. अकरा वर्षं एका माणसाची गेली, आणि मुलीच्या घरच्यांच्या हाती शेवटी काहीच लागलं नाही.

हा वकील येतो कुठून? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 341 प्रमाणे सत्र न्यायालयात आरोपीला वकील परवडत नसेल, तर तो सरकारी खर्चाने द्यावाच लागतो. कोठडीतल्या माणसाला मोफत वकील मिळायला विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम 12 खाली उत्पन्नाची अट नाही. 2022 पासून अनेक जिल्ह्यांत यासाठी 'लोक अभिरक्षक' कार्यालयं सुरू झाली. मुख्य लोक अभिरक्षकाला फौजदारी वकिलीची किमान 10 वर्षं लागतात, आणि या पूर्णवेळ नेमलेल्या वकिलांना खाजगी प्रकरणं घेता येत नाहीत. खटल्याची गती या कार्यालयाच्या ताकदीवरही ठरते : फायली जास्त आणि माणसं कमी असली की उलटतपासासाठी पुढची तारीख मागितली जाणारच.

त्याच कलम 12 खाली तक्रारदार स्त्रीलाही उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हे सांगायचं राहून जातं. जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात साधा अर्ज करायचा किंवा 15100 वर फोन करायचा.

असं विधेयक पुन्हा येईलच. तेव्हा शिक्षेचं कलम वाचून झालं की शेवटची पानं उलटा. तिथे 'वित्तीय ज्ञापन' नावाचा मजकूर असतो. विशेष न्यायालयं किती, सरकारी वकिलांची पदं किती, प्रयोगशाळेत नवी माणसं किती आणि त्यासाठी दरवर्षी किती पैसे, हे त्यात आहे का ते बघा.