गोधडी द्यायची, तर कपडे त्यांच्याच घरचे

कोणासाठी गोधडी शिवायची ठरलं, की मी त्यांच्याकडे आधी जुने सुती कपडे मागते. भेट देणारीनेच मागणं मांडायचं हे काहींना विचित्र वाटतं. पण नवं कापड आणून भेटीची गोधडी शिवायला माझं मन घेत नाही. नवं कापड खळीने ताठ असतं आणि पहिल्या धुण्यात आटतं, मग गोधडी जागोजागी आखडते. वापरून वापरून मऊ झालेलं लुगडं आटायचं तेवढं आधीच आटलेलं असतं. शिवाय ते कोणी नेसलं होतं, हे पांघरणाऱ्याला ठाऊक असतं. माझ्या लेखी भेट ती तीच.

नऊवारीइतकं सोयीचं कापड दुसरं नाही. लुगडं साधारण आठ मीटर लांब. न कापता चार घड्या घातल्या की दोन मीटर लांबीचे चार थर मिळतात, एका माणसाच्या गोधडीचं पोट तयार. वर-खाली दुसऱ्या लुगड्याचं कापड लावायचं आणि काठ कडेला येतील असं बघायचं. आमच्या अमळनेरच्या घरात पोटात धोतरंही असत. सासरे प्रताप मिलमध्ये कामाला होते, त्यांची धोतरं विरली की सासूबाई ती धुऊन बाजूला ठेवायच्या. बोहारणीला त्यांनी धोतर कधीच दिलं नाही.

हल्ली पिशवीभर साड्या येतात आणि त्यातल्या निम्म्या पॉलिस्टरच्या निघतात. हाताला कळलं नाही तर मी कडेचा एक दोरा ओढून जाळून बघते. सुती असेल तर कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटाने चुरते. पॉलिस्टर वितळून काळा कडक मणी होतो. तो कपडा मी परत करते, मग तो कितीही आवडीचा असो. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि अजूनही घराघरांतून लोक रात्री धाब्यावर, म्हणजे घराच्या सपाट छतावर, झोपतात. तिथे अंगाखाली घाम न शोषणारी गोधडी काय कामाची? थंडीत हीच पांघरायची असते. आपल्या खान्देशात गोधडी बारा महिने वापरात, म्हणून कापडाच्या बाबतीत मी ऐकून घेत नाही. लाल आणि गडद हिरव्या कपड्यांवर ओलं पांढरं फडकं घासून बघते. रंग उतरला तर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुते.

शिवणकाम उन्हाळ्यातलं. अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, माहेरवाशिणी परत गेल्या, पापड, कुरडया, बिबडे वाळून डब्यांत गेले, की दुपारी ओसरीवर थर अंथरायचे. एकेक थर हाताने निपटून, सुरकुती राहू न देता. मग मधून कडेकडे लांब कच्चे टाके घालायचे. हे टाके घालायचा पुष्कळजणींना कंटाळा येतो, पण आपण कडेपासून आत गोल गोल शिवत जातो तेव्हा कापड मध्याकडे सरकत जातं आणि शेवटी मध्ये फुगा येतो. कच्च्या टाक्यांनी तो येत नाही. दोरा जाड सुती, मेणावरून एकदा ओढलेला. दोन ओळींत बोटभर अंतर. सुई खालच्या थरातून निघाली की नाही हे डाव्या हाताच्या बोटांनी खालून चाचपत राहायचं. त्या बोटांची टोकं काही दिवस खरखरीत होतात.

गेल्या वर्षी एका मैत्रिणीसाठी शिवली. तिचे वडील गेले. ते शिक्षक होते, आयुष्यभर पांढरे सुती सदरे घातले. तिने सदऱ्यांचं गाठोडं आणून दिलं आणि म्हणाली, "याचं काही होईल का गं?" बाह्या आणि पाठी सरळ कापून पोटात घातल्या. वरच्या थरासाठी पुढच्या बाजू ठेवल्या, बटणं काढून पट्ट्या शिवून टाकल्या. एका सदऱ्याच्या खिशाच्या तळाशी लाल शाईचा डाग होता, पेपर तपासायच्या पेनाचा, मसुराच्या दाण्याएवढा. धुऊन गेला असता कदाचित. मी तो घासला नाही. खिसाही तसाच ठेवला, तोंड उघडं, छातीशी येईल अशा जागी. घडी उलगडल्यावर तिच्या आईचा हात आधी त्या खिशावरच गेला. "हाऊ त्यास्ना खिसा शे ना वं?" म्हणाल्या. आता त्या रात्री चष्मा त्याच खिशात ठेवतात.

शिरपूरच्या भाचीला मुलगी झाली तेव्हा माझ्या आईच्या लुगड्याचं दुपटं दिलं, फक्त दोन पदरी. तान्ह्या बाळाला जाड गोधडी नको, आणि टाक्याची गाठ कुठेही वर यायला नको; गाठी सगळ्या थरांच्या आत लपवायच्या. पणजीच्या लुगड्यात पणती गुंडाळलेली बघून माझी बहीण किती तरी वेळ काही बोलली नाही.

लोक किंमत विचारतात. मी विकत नाही. पण पोटासाठी गोधड्या शिवणाऱ्या बाया प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांच्याकडून घेताना कृपा करून घासाघीस करू नका. बाजारातल्या ब्लँकेटच्या किमतीशी तर तुलना करूच नका. एका गोधडीत किती दुपारी जातात ते शिवल्याशिवाय कळत नाही.

आणि ज्यांना गोधडी मिळाली आहे त्यांनी ती कपाटात ठेवू नये. "इतकी छान, वापरायला जीव होत नाही" हे ऐकलं की मला वाईट वाटतं. अंथरा, पांघरा, पोरांना लोळू द्या. धुताना कडक पिळू नका, दोघांनी दोन टोकं धरून पाणी निथळू द्या आणि उन्हात उलटी वाळवा, म्हणजे वरचा रंग टिकतो. विरली तर माझ्याकडे आणा, सोबत घरातलं आणखी एक लुगडं आणा. जुनी गोधडी तशीच पोटात घालून वरून नवं कापड लावता येतं. भाचीचं दुपटं परवाच असं परत आलंय. मुलगी आता बालवाडीत जाते, तिला अंगभर मोठी गोधडी हवी आहे, आणि वरच्या थरासाठी तिने स्वतः आईची पिवळी साडी निवडून पाठवली आहे.